एर्लिंदा आत्या गुरुवारी काय म्हणते

सॅन अँटोनियो,
४ सप्टेंबर १९७९

लाडक्या आत्या,

गेल्या गुरुवारी तुला टीव्हीवर पाहिलं. मालिकेतल्या त्या डॉक्टरीणबाई सोफ्यावर लोळत होत्या आणि तू मागे ट्रे घेऊन उभी. त्या बयेने मान वळवून बघितलंसुद्धा नाही तुझ्याकडे. तू खाली बघून काहीतरी पुटपुटलीस आणि आत निघून गेलीस. एवढंच काम. आणि ओबदुलियाबाईंच्या बैठकीत जमलेल्या सगळ्या बायका पोट धरून हसत होत्या! मी त्यांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहते म्हणून गप्प बसले, नाहीतर चांगलं सुनावलं असतं. आपल्याच मेक्सिकन बाईची फजिती आणि आपल्याच बायका हसतात, याला काय म्हणायचं?

तुला हे काम सोडावंसं वाटत नाही का गं? वर्षानुवर्षं तेच. ट्रे, झाडू, खाली मान.

बरं, आता खरी बातमी. आमच्या चित्रकार मुलींच्या गटाला प्रदर्शनासाठी टॉर्टियाचं मक्याचं पीठ दळायची जुनी गिरणी मिळाली आहे. सतरा नोव्हेंबरला उद्घाटन. मी एक चित्र करतेय, भिंतीएवढं. त्यात तू आहेस. कशी आहेस ते विचारू नकोस, येऊन बघ. यायलाच हवं. बाबा गेल्यापासून तू इकडे फिरकली नाहीस.

तुझी भाची,
सेनाइदा


लॉस एंजलिस,
१४ सप्टेंबर

चित्रकारीणबाई सेनाइदा कांतू यांच्या सेवेशी,

माझं चित्र भिंतीएवढं! मी आहेच तेवढी, त्यामुळे तुझं काही चुकलेलं नाही. फक्त एक सांग, केस नीट काढलेस ना? मालिकेतली केशभूषेवाली माझे केस असे आवळून बांधते की भुवया कपाळावर चढतात. आणि तो ॲप्रन काढून टाक. तुझ्या बापाच्या लग्नात घातला होता तो निळा झगा घाल मला. तो आता माझ्या अंगात शिरत नाही, पण चित्रात शिरायला त्याचं काय जातंय?

काम सोड म्हणतेस. सोडून काय करू, चित्रं काढू? मी दोनदा डाकूची आई झाले आणि एकदा पत्ते बघून भविष्य सांगणारी. डाकूच्या आईला नुसतं रडायचं असतं, घसा बसतो. त्यापेक्षा मोलकरीण बरी. स्वयंपाकघराच्या प्रवेशात निदान बसायला स्टूल मिळतं.

हे पत्र इंग्रजीत लिहावं लागतंय याचा राग आहेच, तो तुझ्या बापावर. शाळेत स्पॅनिश बोलला म्हणून मास्तरणीने त्याचं तोंड साबणाने धुतलं, आणि त्या गाढवाने ठरवून टाकलं की आपल्या पोरीच्या कानावर ही भाषा पडूच द्यायची नाही. देव त्याला सुखात ठेवो. इथे मी शब्दकोश घेऊन बसलेय.

येते गं मी. बसचं तिकीट काढलंय, नवे बूट घेतलेत, आणि सेटवर झाडणाऱ्यापासून दिवे लावणाऱ्यापर्यंत सगळ्यांना सांगून झालंय की माझी भाची मोठी कलावंत आहे. आता तोंडघशी पाडू नकोस.

तुझी भिंतीएवढी आत्या


सॅन अँटोनियो,
२७ सप्टेंबर

आत्या,

निळ्या झग्याचं बघू. चित्र जरा वेगळं आहे. म्हणजे ते नुसतं तुझं चित्र नाही, तू एक उदाहरण आहेस.

असं बघ. सिनेमात आणि टीव्हीत आपल्या बायकांसाठी तीनच साचे आहेत. एक ट्रे घेतलेली. दुसरी कमरेला सुरी लावून नाचणारी, जिला शेवटी गोळी लागते. तिसरी काळी शाल पांघरून रडणारी. याच्या पलीकडे चौथी बाई त्यांनी कधी पाहिलेलीच नाही. ओबदुलियाबाईंनी तीन मुलं वाढवली, दिवसभर कपडे शिवले आणि कारखान्यात संप केला. त्या कुठल्या साच्यात बसतात? मी तिन्ही साचे शेजारी शेजारी उभे केलेत, देवळातल्या मूर्तींसारखे, मागे सोनेरी रंग. लोकांनी आधी हात जोडावेत आणि मग दचकावं.

ट्रेवाली तू आहेस. चेहरा तुझाच आहे, पूर्ण आदराने काढलाय.

भाषण फार झालं का? तू समोर असतीस तर एव्हाना जांभई दिली असतीस.

सेनाइदा

ता.क. इथल्या पेपरचा एक मुलगा काल चित्राचा फोटो काढून गेला.


लॉस एंजलिस,
९ ऑक्टोबर

सेनाइदा,

ओबदुलियाने पेपरचं कात्रण पाठवलं. चित्र सुंदर आहे. केसही नीट आहेत.

माझं तोंड कुठे आहे?

आधी वाटलं, छापताना पुसलं गेलं. मग पाकीट झटकून बघितलं, त्यात पडलंय का. मग खालची बातमी वाचली. ‘पडद्यावरच्या या स्त्रियांना बोलायला काहीच नसतं, म्हणून चित्रकर्तीने त्यांना तोंडच दिलेलं नाही.’ असं होय! पूर्ण आदराने.

मी सेटवर कुणाला कात्रण दाखवलं नाही. दिवेवाल्या फाउस्तिनोने विचारलं, तर म्हटलं टपालात हरवलं. तिकीट परत केलंय. बूट ठेवून घेतले, ते चांगले आहेत.

एक काम कर. येत्या गुरुवारी ओबदुलियाच्या बैठकीत तोंड फुगवून कोपऱ्यात बसू नकोस. तिच्या मांडीला मांडी लावून बस, आणि मी पुटपुटले की विचार, काय म्हणाली. माझं ऐकण्यासारखं काही नसतं असं तू ठरवलंस ना? तर एकदा ऐक.

एर्लिंदा


सॅन अँटोनियो,
१९ ऑक्टोबर

आत्या, आत्या, आत्या,

मला कान धरून उभं कर. काल मी ओबदुलियाबाईंच्या शेजारी बसले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सूप गार आहे. तू खाली मान घालून पुटपुटलीस. बायका हसल्या. मी विचारलं, “काय म्हणाली?”

ओबदुलियाबाई माझ्याकडे वळल्या. “म्हणजे? तुला कळत नाही?”

“नाही.”

“अगं, आम्हाला वाटायचं, शिकलेली पोरगी आहे, मोठ्याने हसायची लाज वाटत असेल! ती म्हणाली, ‘तासभर आरशापुढे बसलीस तर सूप काय तुझी वाट बघत उकळत राहील? आणि हे सूप नव्हेच, भांडी विसळलेलं पाणी आहे. आमच्या गल्लीतलं कुत्रंसुद्धा हुंगून पुढे जाईल.’”

मग सगळ्याच सांगायला लागल्या, एकीचं वाक्य दुसरी तोडत होती. डॉक्टरांच्या मुलाने प्रेमात पडल्याचं जाहीर केलं तेव्हा तू म्हणालीस, ‘आधी स्वतःच्या चड्ड्या धुवायला शिक.’ एकदा तू बशा आवरता आवरता म्हणालीस, ‘ओबदुलिया, वाढदिवस आहे तुझा, गुडघ्याला तेल लाव.’ अख्ख्या देशासमोर! त्या दिवशी म्हणे ओबदुलियाबाई उठून नाचल्या होत्या, गुडघ्यासकट.

आणि मग त्या जरा हळव्या झाल्या. म्हणाल्या, “तुझा बाप गेला तेव्हा तिला शूटिंगमुळे येता आलं नाही. महिन्याभराने एका भागात ती कॉफी ओतत होती. तेव्हा आम्ही कोणी हसलो नव्हतो, आठवतं? ती म्हणाली, ‘एपिफानियो, भावा, नीट जा. पोरीची काळजी करू नकोस, मी आहे.’”

आठवतं मला. मी त्याच खोलीत होते. तू परक्या माणसांना कॉफी ओततेस म्हणून चिडून बसले होते.

काल खूप रडले. आज सकाळी गिरणीत जाऊन तुझं तोंड काढलं. चांगलं मोठं, उघडं, बोलणारं. आणि आता तुझ्या ट्रेच्या कडेने तुझी सगळी वाक्यं लिहिणार आहे, इंग्रजीत, ढळढळीत अक्षरांत. म्हणजे सगळ्या देशाला कळेल की ही बाई इतकी वर्षं काय म्हणत होती. चौथा साचा मिळाला गं मला!

तिकीट पुन्हा काढ. पाया पडते.

तुझी मूर्ख भाची


लॉस एंजलिस,
२५ ऑक्टोबर

मूर्ख भाची,

खबरदार इंग्रजीत एक अक्षर लिहिलंस तर!

अगं, माझ्या कागदावर लिहिलेलं असतं, ‘मोलकरीण स्पॅनिशमध्ये काहीतरी पुटपुटते.’ ते काहीतरी काय, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. दिग्दर्शकाला माझं नावही नीट घेता येत नाही, तो म्हणतो, “हर्लिंडा, तुझं ते गोड गोड काहीतरी म्हण.” त्याला वाटतं मी प्रार्थना म्हणते. एकदा तर डोळे पुसलेन मेल्याने. फाउस्तिनो आपलाच, तो दिव्यामागे ओठ चावून उभा असतो. त्यांना कळलं तर त्याच दिवशी दार दाखवतील. माझ्या वयाच्या, माझ्या रंगाच्या बाईला दुसरीकडे कोण काम देणार आहे? डाकू तरी किती राहिलेत, आई व्हायला?

तुला आरडाओरडा करून लढायचंय, लढ. तू तरुण आहेस, तुझी भिंत आहे. माझी लढाई ओठातल्या ओठात असते, आणि ती मला आवडते. लिहायचंच असेल तर स्पॅनिशमध्ये लिही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, बाकीचे म्हणतील, वा, काय नक्षी आहे.

तोंड काढलंस, बरं केलंस. दात सरळ काढ.

तिकीट काढलंय. आणि तुझ्यावर अजून रागावलेय, ते आल्यावर दाखवीन.

आत्या


सॅन अँटोनियो,
२० नोव्हेंबर

आत्या,

आता मला सांग, खबरदार कोण कुणाला म्हणालं होतं?

किती छान चाललं होतं सगळं! ट्रेभोवती तुझी वाक्यं स्पॅनिशमध्ये, ओबदुलियाबाईंनी सांगितलेली, मी उतरवलेली. आपल्या गल्लीतल्या बायका वाचून हसून लाल होत होत्या, आणि शहरातले ते कोटवाले लोक लांबून डोळे बारीक करून म्हणत होते, नक्षी फार नाजूक आहे. पेपरवाल्या मुलाने मला विचारलं, “ही अक्षरं कसली?” मी म्हटलं, “प्रार्थना आहे.” ओबदुलियाबाईंनी तर लगेच छातीवर क्रूस काढला, एवढं नाटक त्यांच्या अंगात असेल असं वाटलं नव्हतं. सगळ्या गिरणीत एकही बाई फुटली नाही.

आणि तेवढ्यात मागून तुझा आवाज. इंग्रजीत. “प्रार्थना कसली डोंबलाची! इकडे या सगळे, मी वाचून दाखवते.”

मी तुझी बाही ओढत होते, तू मला कोपराने ढकललंस. सुपाचं वाचलंस, चड्डीचं वाचलंस, गुडघ्याचं वाचलंस. ते कोटवालेसुद्धा हसायला लागले. पेपरवाला भराभर लिहून घेत होता. बाबांच्या ओळीशी आल्यावर तू थांबलीस, माझ्याकडे बघितलंस आणि तीही वाचलीस.

आज सगळं पेपरात आलंय, तुझ्या नावासकट. बस सुटेपर्यंत मी विचारत होते, का केलंस, का केलंस, आणि तू खिडकीतून नुसती हसत होतीस. मला इथे झोप नाही. त्यांनी फोन केला का? काय म्हणाले?

सेनाइदा


लॉस एंजलिस,
१ डिसेंबर

पोरी,

का केलं ते सांगते, मग तू मला वेडी म्हण.

चित्रापुढे दोन मुली उभ्या होत्या, शाळेतल्या. त्यांच्या आया हसून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. त्यातल्या एकीने आईला विचारलं, “काय लिहिलंय?” आई म्हणाली, “काही नाही, तुला नाही कळायचं.” मग ती पोर चित्रातल्या माझ्याकडे बघायला लागली. कीव आल्यासारखी. अगदी तुझ्यासारखंच तोंड करून! मला असा संताप आला म्हणतेस! हिला वाटणार, ही एक बिचारी बाई, ट्रे घेऊन तोंड उघडं टाकून उभी आहे. आम्ही सगळ्या म्हाताऱ्या आपसात खिदळणार, आणि ज्यांनी हसायला हवं त्या पोरी आमची दया करत मोठ्या होणार. मग बोलले. विचारबिचार काही केला नाही. विचार केला असता तर गप्प बसले असते.

आता इकडचं. साहेबांनी ऑफिसात बोलावलं. पेपर त्यांच्यापर्यंत पोचला होता. म्हणाले, “हर्लिंडा, म्हणजे इतकी वर्षं तू आमची टिंगल करत होतीस?”

मी म्हटलं, “फक्त गुरुवारी, साहेब.”

हसले नाहीत. मोलकरीण आता गावी परत जाणार आहे. मी विचारलं, कुठल्या गावी? म्हणाले, मेक्सिकोत. मी म्हटलं, माझी पणजीसुद्धा टेक्सासात जन्मली. तर म्हणाले, तू नव्हे, ती. वीस तारखेच्या भागात ती बॅग घेऊन दारातून जाते आणि संपलं.

रडू नकोस. मीही रडत नाही. शेवटच्या प्रवेशासाठी तीन वाक्यं तयार ठेवली आहेत, त्यातलं एक इतकं वाईट आहे की फाउस्तिनो म्हणाला, हे बोललीस तर दिवे फुटतील. कुठलं बोलायचं ते दारात ठरवीन. सगळ्या मिळून बघा.

आत्या


सॅन अँटोनियो,
२१ डिसेंबर

आत्या,

काल बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. ओबदुलियाबाईंनी नाताळचे तमाले आधीच वाफवले होते, पण कुणी हात लावला नाही. त्या दोन मुलीही आल्या होत्या. मी त्यांना पुढे बसवलं.

तू बॅग उचललीस. डॉक्टरीणबाई नखं बघत ‘सांभाळून जा’ म्हणाल्या. तू दारात वळलीस, थेट आमच्याकडे बघितलंस, ओठ उघडलेस, आणि फट्कन भांड्याच्या साबणाची जाहिरात!

कसला गोंधळ झाला सांगू! ओबदुलियाबाईंनी टीव्हीवर चप्पल फेकली. “कापलं मेल्यांनी! घाबरले!” मग वाद सुरू झाला, तू काय म्हणाली असशील. ओबदुलियाबाई म्हणाल्या, “ती म्हणाली, ‘आता तुमचं सूप तुम्हीच ओता आणि तुम्हीच गिळा.’” पलीकडच्या रामोनाबाई म्हणाल्या, “ती म्हणाली, ‘डॉक्टरसाहेब रात्री दवाखान्यात नसतात, कुठे असतात ते मला विचारा.’” ज्यांनी कधी तोंड उघडलं नाही अशा बायकांनीही एकेक वाक्य सांगितलं. दोन महिने ओबदुलियाबाईंकडे स्पॅनिश शिकतेय, म्हणून त्या पोरींसाठी काही वाक्यं मीच इंग्रजीत केली, तीही अर्धीच.

मग सगळ्या माझ्याकडे वळल्या. तू सांग, तू भाची. आत्या, मी स्पॅनिशमध्ये बोलले. माणसांसमोर पहिल्यांदा. म्हटलं, “ती म्हणाली, ‘मी माझ्या घरी चालले.’” उच्चार इतके भयानक होते की आधी सगळ्या हसल्या. नंतर कुणी हसलं नाही.

आता खरं सांग, काय बोलली होतीस? इथे पैजा लागल्यात.

सेनाइदा


लॉस एंजलिस,
२८ डिसेंबर

माझ्या पोरी,

त्यांनी काही कापलेलं नाही.

बॅग घेऊन दारात वळले. तिन्ही वाक्यं जिभेवर होती. समोर फाउस्तिनो दिव्यामागे उभा, या खेपेला ओठ न चावता. मी तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. इतकी वर्षं बडबडले, भावाला निरोप दिला तेव्हासुद्धा कॉफीचा थेंब सांडला नव्हता, आणि त्या दिवशी एक शब्द नाही. सगळे थांबले होते. मी तशीच उभी राहिले, आणि मग गेले.

आणि माहीत आहे दिग्दर्शक काय म्हणाला? “वा, हर्लिंडा! आजवरचं तुझं सगळ्यात छान काम.” मी गप्प बसले ना, म्हणून. त्या क्षणाला, पोरी, तुझं ते पहिलं, तोंड नसलेलं चित्र मला जसं कळलं तसं तुलाही कळलं नसेल. सगळा राग तिथल्या तिथे गेला.

हे ओबदुलियाला कळता कामा नये, ती मला जन्मभर चिडवेल. सांग की पैज तू जिंकलीस. ते खोटंही नाही. घरमालकाला कळवून टाकलंय, सामान बांधलंय, बारा जानेवारीला दुपारी बसने येतेय, ती कायमची.

तुझ्या गिरणीत त्या पोरींना गोळा करून ठेव. त्यांना मी वाक्यं शिकवीन, दिवे फुटणारं सोडून. आणि स्टँडवर घ्यायला येशील तेव्हा माझ्याशी आपल्या भाषेत बोल. मी खूप हसेन, आधीच सांगते. पण तू बोल.

आत्या